स्वयंपाकघराच्या दारातली शांतता

कोरमंगला,
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्याबाई,

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिले होते की दसऱ्याला दिलेली तुमच्या गळ्यातली ऐकण्याची डबी "कधी बंद पडत नाही". हे चूक आहे. ती बंद पडते. बंद पडून आपली आपण पुन्हा सुरू होते, आणि आमच्या ऑफिसात त्यालाच बंद न पडणे म्हणतात. ऑफिसातले वाक्य मी न तपासता घरच्या पत्रात उचलून लिहिले.

आता नीट सांगते. डबीत आवाज मोठा करणारी एक चिप आहे. तिच्याशी बोलायला एक प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा आवाज घे, मोठा कर, कानात सोड, असे ड्रायव्हर सांगतो आणि चिप "झाले" म्हणते. कधी कधी ती काहीच म्हणत नाही. मग ड्रायव्हर आधी पुन्हा विचारतो. तरी उत्तर नाही, तर अर्धवट काम टाकून देऊन नव्याने सांगतो. तरीही नाही, तर तिची वीज तोडून परत देतो. याला रिसेट म्हणतात. रिसेट झालेल्या चिपला काही आठवत नाही, आपण कोणाच्या कानासाठी आहोत हेसुद्धा नाही. म्हणून ड्रायव्हर तिच्यात तुमच्या कानाची मापे पुन्हा भरतो आणि काम पुढे चालू होते. यात आठ-दहा सेकंद जातात. तेवढा वेळ कानात काही येत नाही.

हा शेवटचा भाग, चिपला परत उभे करण्याचा, मी लिहिला आहे. आमचे टीम लीड अजित सर पुण्याचे आहेत. ते म्हणाले, "रिकव्हरी अशी पाहिजे. यूजरला पत्ताच लागला नाही पाहिजे." त्या दिवशी मला बरे वाटले होते.

तुमच्या डबीचे असे होते का, ते कळवा. तुमची डबी चाचणीतली आहे, त्यामुळे हे विचारणे माझे कामही आहे. कृपा करून एका ओळीत "बरी आहे" असे लिहू नका.

नीलिमा वहिनी विचारत होती, पत्र कशाला, मेसेज कर, आई फोन बघतात. मी म्हटले, आत्याबाई मेसेजला निरोप मानतात, आणि निरोपाला त्या उत्तर देत नाहीत. सध्या रविवारीही ऑफिस असल्याने येणे होत नाही. शिवाय कोरमंगल्याहून सर्जापूर रोडला टपाल तीन दिवसांत पोचते, म्हणजे कॅबपेक्षा थोडेच हळू.

तुमची विद्यार्थिनी,
संहिता

*

सर्जापूर रोड,
रविवार, ३० नोव्हेंबर

चि. संहिता,

दुरुस्ती पावली. तुझ्या ओळी उजवीकडे उतरतात. कागदाखाली आखलेला कागद ठेव.

डबी बरी आहे. एका ओळीत लिहू नका म्हणतेस म्हणून दुसरी ओळ: सकाळी गळ्यात घालते, निजताना काढून चार्जिंगला लावते. तिसरी ओळ: लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या बाई विचारतात, "एनु अक्का, रेडिओना?" मी म्हणते, सरी, बरोबर, रेडिओच.

बंद पडते का, तर नाही. देवघरात बसले की समईची वात चरचरते तीही ऐकू येते. बाल्कनीत कबुतरे पंख फडफडवतात ती ऐकू येतात, ऐकू न आली तर बरे. मी खात्रीने लिहिते आहे. तुझी डबी चांगली आहे, उगाच काळजी करू नको. लहानपणीही तू बरोबर आलेले गणित पुसून पुन्हा करायचीस.

आता दुसरे. धनुर्मास संपला, रथसप्तमी झाली, की मी इथून भीमाचार्यांकडे जाईन म्हणते. आमच्या ह्यांचे थोरले भाऊ, तुला आठवत असतील, तुंगभद्रेकाठी मठाच्या आवारात राहतात. तिथे त्यांनी माझ्यासाठी एक खोली पाहिली आहे. चार दिवसांसाठी नव्हे, राहायलाच. गुरूला, पोटच्या मुलाला, अजून बोलले नाही. तूही त्याला किंवा नीलिमाला सांगू नकोस. कारण विचारू नकोस. पाहुण्याने केव्हा उठावे हे पाहुण्याला कळले पाहिजे.

स्वल्प जास्त जेवत जा. पीजीतले सांबार पाणचट असते असे ऐकते.

अनुसूया

*

कोरमंगला,
शुक्रवार, ५ डिसेंबर

ती. आत्याबाई,

आधी दुरुस्ती. डबी बंद पडते का, असे मी विचारले होते. प्रश्नच चुकला. बंद पडल्याचे डबी सांगत नाही, तर ते तुम्हाला कळणार कसे? बरोबर प्रश्न असा: कधी अचानक सगळे शांत होते का?

हा प्रश्न मला सुचला तो ऑफिसातल्या एका गोष्टीमुळे. चिप नेमकी कधी गप्प होते हे मी या आठवड्यात पाहत होते. ती केव्हाही होत नाही. डबीत दोन तऱ्हा आहेत, एक शांत जागेसाठी आणि एक माणसे बोलत असतात तिथल्यासाठी. तुम्ही देवघरातून उठून माणसांत आलात की डबी आपणहून तऱ्हा बदलते. चिप अडते ती या बदलाच्या वेळी. नेहमी नाही, पण अडते तेव्हा तिथेच.

मी अजित सरांकडे गेले. म्हटले, रिसेटच्या आधी डबी एकदा थरथरू दे, मोबाइलसारखी. आवाज चिपमधूनच येतो आणि चिप तर गप्प असते, पण थरथरण्याचा भाग वेगळा आहे, तो चालू असतो.

"कशासाठी?" ते म्हणाले.

"म्हणजे घालणाऱ्याला कळेल की आत्ता डबी अडली आहे."

"संहिता, डबी थरथरली की तक्रार येणार. गेल्या सहा महिन्यांत शांततेची एक तरी तक्रार आली आहे का?"

"नाही."

"शांततेची तक्रार कुणी करत नाही. मग जे चाललंय ते चालू दे ना."

मी जागेवर येऊन बसले आणि मग वाटले, कुणी करत नाही ते का, हे कुणाला तरी विचारायला हवे. माझ्या ओळखीत डबी घालणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात.

तुमच्या बेताचे कारण विचारू नको म्हणालात, म्हणून विचारत नाही. मी एवढेच विचारते, की हा विचार कधीपासून आहे? आणि स्वतःच्या मुलाच्या घरात तुम्ही पाहुण्या कशा झालात? हा दुसरा प्रश्न कारणात मोडत असेल तर सोडून द्या. मी पत्र बंद करण्याआधी तो दोनदा खोडला आणि परत लिहिला. खोडलेले दिसते आहे, त्याबद्दल क्षमा.

संहिता

*

सर्जापूर रोड,
गुरुवार, ११ डिसेंबर

चि. संहिता,

खोडलेले दिसले. प्रश्न कारणातच मोडतो. पण तू दोन्ही पानांवर तोच प्रश्न वेगवेगळ्या तोंडाने विचारते आहेस, असे मला वाटते. म्हणून उत्तर देते. एकदाच देईन.

शांत होते. पण ती डबी नव्हे, माणसे.

मी देवघरातून उठून स्वयंपाकघराच्या दारात येते तेव्हा आत नीलिमाचे बोलणे चालू असते. गुरू असेल तर त्याचेही. मी दारात पाऊल ठेवले की दोघे थांबतात. मी पाणी घेते आणि खोलीत जाते. मागे पुन्हा बोलणे सुरू झालेले ऐकू येते. रोज नाही. पण दिवाळीपासून इतक्या वेळा झाले की योगायोग म्हणता येत नाही. हॉलमध्येही होते. एकदा गुरूचे मित्र आले होते, तेही माझ्यासमोर थांबले, परकी माणसे!

ऐकू येत नव्हते तेव्हा मला हे माहीत नव्हते. तेव्हा सगळेच शांत होते. तुझ्या डबीने मला ऐकू येऊ लागले, म्हणून हेही कळू लागले. तुला दोष नाही, उपकारच आहेत.

आपल्या घरची रीत तुलाही शिकवली आहे. आपण आल्यावर लोक बोलायचे थांबले, तर मान खाली घालावी, आपले काम उरकावे, निघावे. कोणाच्या तोंडाकडे पाहून त्यांना अवघडवू नये. मी ती पाळते. पण आपल्याच घरात रोज पाळायची असेल, तर ते घर आपले राहिले नाही एवढे समजावे. राग नाही. नीलिमा मनाने चांगली आहे. दर वाक्याला ॲक्च्युअली म्हणते, एवढेच.

भीमाचार्यांनी कळवले आहे की खोलीला पूर्वेची खिडकी आहे. नदी दिसत नाही, पण आहे.

अनुसूया

*

कोरमंगला,
सोमवार, १५ डिसेंबर

ती. आत्याबाई,

आज दुरुस्ती आधी नाही, कारण ती शेवटी येईल आणि मोठी असेल.

तुमचे पत्र मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचले. मग पुन्हा वाचले. आता एक काम सांगते. परीक्षा समजून करा.

पुढच्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात शांत झाले, की मान खाली घालू नका. रीत मोडते आहे हे मला माहीत आहे. वहिनीच्या तोंडाकडे पाहा. ओठ मिटलेले असतील, तर तुमचे म्हणणे खरे. ओठ हलत असतील, तर ती शांतता त्यांची नाही, माझी आहे.

तुम्ही देवघरातून निघून दारात पोचता, आणि नेमकी तिथेच डबी तऱ्हा बदलते. चिप अडते. माझा ड्रायव्हर तिला विचारतो, पुन्हा विचारतो, वीज तोडून परत देतो, तुमची मापे भरतो. तोवर तुम्ही पाणी घेऊन पाठ फिरवलेली असते. मग आवाज येतो. अगदी तुम्ही लिहिले आहे तसा, "मागे पुन्हा सुरू झालेला".

तुम्ही पाठ म्हणून घेताना आम्ही चुकलो, की "चुकले" असे मोठ्याने म्हणायला लावायचात, आणि मग जिथपर्यंत खात्री आहे त्या ओळीपासून पुढे. कुणी गुपचूप मागे जाऊन सुरू केले, तर सगळा अध्याय पहिल्यापासून. मला तेव्हा वाटायचे, बरोबर म्हटल्याशी कारण, मोठ्याने कबूल करायचे कशाला? माझा ड्रायव्हर गुपचूप मागे जातो. तेच मी लिहिले आणि त्याचेच कौतुक झाले.

गुरू अण्णाला फोन करून हे सगळे एका मिनिटात सांगता आले असते. पण तुमचा बेत त्याला सांगू नको म्हणालात, आणि बेत न सांगता हे कसे सांगायचे ते मला जमले नाही. म्हणून तुम्हीच पाहा. एकदा पाहून ठरवू नका, पाहत राहा. आणि जे दिसेल तेच लिहा. मला बरे वाटावे म्हणून काही लिहू नका.

संहिता

*

सर्जापूर रोड,
शनिवार, ३ जानेवारी २०२६

चि. संहिता,

उशीर झाला. पाहत राहा म्हणालीस, म्हणून पाहत होते.

पहिल्या दिवशी जमले नाही. मान आपोआप खाली गेली. जन्माची सवय आहे. दुसऱ्यांदा दाराची चौकट धरली आणि पाहिले.

ओठ हलत होते. नीलिमाच्या हातात कोथिंबीर होती आणि ती बोलत होती. आवाज काही नाही. ओट्यावरच्या चिमणीची घरघर नाही, कुकर नाही, काही नाही, आणि ती बोलते आहे. माझ्याकडे पाहून बोलत होती, संहिता. गुरूशी नव्हे. मला काहीतरी विचारत होती. मी चौकट धरून उभीच राहिले. मग एकदम आवाज आला आणि ऐकू आले, "...की नुसती आमटी चालेल?" मी म्हटले, आमटी चालेल. ती माझ्याकडे पाहतच राहिली. बहुतेक मी पहिल्यांदाच उत्तर दिले होते.

नंतरही पाहिले. प्रत्येक वेळी ओठ हलत होते. हॉलमध्ये गुरूचेही. तुझे म्हणणे बरोबर निघाले. शाबास.

पण खरे तेच लिहा म्हणालीस, म्हणून हेही लिहिते. वैकुंठ एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, पारणे करून मी दारात आले. दोघेही तिथे होते. शांत झाले. मी मान वर केली. ओठ मिटलेले होते, दोघांचेही. चिमणीची घरघर मला स्वच्छ ऐकू येत होती. म्हणजे डबी चालू होती. नीलिमा ओट्याकडे वळली, गुरूने मोबाइल काढला आणि तो उलटा धरून पाहू लागला.

बाकीच्या शांतता तू आपल्या नावावर घे. ही एक माझ्या घरची आहे. आणि जायला एक पुरते. बेत आहे तोच आहे. पंचवीस तारखेला रविवारी रथसप्तमी, सोमवारी सकाळी गाडी. समजूत घालायला येऊ नकोस.

डबी घेऊन जाईन. नदीचा आवाज येतो का ते पाहते.

अनुसूया

*

कोरमंगला,
शुक्रवार, ९ जानेवारी

ती. आत्याबाई,

आता मोठी दुरुस्ती. ओठ मिटलेले असतील तर तुमचे म्हणणे खरे, असे मी लिहिले होते. हे चूक आहे. ओठ मिटलेले असले तर माणसे गप्प आहेत एवढेच सिद्ध होते. का गप्प आहेत, ते होत नाही. मी यंत्राचा नियम माणसांना लावला.

काल वहिनीला फोन केला. तुमचा बेत सांगायचा नाही, फक्त डबीचे विचारायचे, असे ठरवून केला. मी "आत्याबाईंची डबी" एवढे म्हणाले आणि पुढे तीच बोलू लागली. तिचे शब्द तसेच लिहिते.

"संहिता, ॲक्च्युअली मीच तुला फोन करणार होते. आई माझ्यावर चिडल्यात का गं?"

"का?"

"मी बोलायला लागले की मान खाली घालतात. पाण्याचा ग्लास घेतात आणि सरळ रूममध्ये. मी वाक्याच्या मध्ये असते! दिवाळीपासून चाललंय. आधी वाटलं कांदा-लसणामुळे. म्हणून मी वेगळी कढई आणली. मग ती कढईही वेगळ्या कपाटात ठेवली. काही फरक नाही. गुरुदत्तचे मित्र आले होते, त्यांनाही तसंच. ते बिचारे विचारत होते, काकूंना आमचं काय खटकलं?"

"अण्णा काय म्हणतो?"

"तो म्हणतो, आई काही बोलत नाही म्हणजे तिला बोलायचं नसेल, विचारू नकोस. तुमच्याकडे सगळे असेच आहात का? आमच्या पुण्यात लोक निदान तोंडावर तरी बोलतात."

मी म्हटले, सगळे नाही, पण बरेचसे. मग ती थोडा वेळ थांबली. (फोन चालू होता, मी तपासले.)

"आणि आता त्या जाणार आहेत," ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"भीमाचार्य काकांनी. द्वादशीला सकाळी गुरुदत्तला फोन आला. विचारत होते, अनुसूयेच्या खोलीत कमोड बसवायचा का. गुरुदत्तला वाटलं राँग नंबर. त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा आम्ही किचनमध्ये उभेच राहिलो. मी म्हटलं, माझ्यामुळे चालल्यात. तो म्हणाला, नाही, माझ्यामुळे. त्यावरून आमचं भांडण चाललं होतं, आणि आई दारात आल्या."

"मग?"

"मग काय, गप्प बसलो. काय बोलणार? आणि त्या दिवशी नेमकी त्यांनी मान वर केली. सरळ माझ्याकडे पाहिलं. मी पोळपाट पुसायला लागले, पोळ्या झालेल्या असताना."

आत्याबाई, तुमच्या घरची म्हणून तुम्ही जी एक शांतता वेगळी काढलीत, ती ही. तुम्ही जाणार म्हणून ती झाली, आणि तिच्यामुळे तुम्ही जाणार आहात. आधीच्या सगळ्या माझ्या होत्या, म्हणून हीसुद्धा माझ्या खात्यात धरावी असे मला वाटते. यात माझी चूक होत असेल तर लाल शाईने लिहा.

हे सगळे तुम्हाला कळवू का, असे मी वहिनीला विचारले. ती म्हणाली, "कळव ना प्लीज. मला नाही जमत, आणि गुरुदत्तला तर अजिबातच नाही."

ऑफिसचे सांगायचे राहिले. तुमच्या पत्रातला ओठ हलत असल्याचा भाग मी नावे गाळून अजित सरांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाले, "त्यांचं युनिट टेस्टमधलं आहे ना? मग थरथर टाक."

"आणि बाकीच्यांच्या डब्यांत?"

"लिहून दे. मी वर पाठवतो."

लिहून दिले आहे. चिप मुळात का अडते, याचे उत्तर चिप बनवणाऱ्यांकडून यायचे आहे. ते कधी येईल सांगता येत नाही. तोवर तुमची डबी अडली की गळ्याशी एकदा थरथरेल. त्याचा अर्थ "चुकले". तेव्हा मान वर ठेवायची, आणि आवाज परत आला की समोरच्याला "पुन्हा म्हण" असे सांगायचे. वहिनी पुन्हा म्हणेल. ती तेच वाक्य चार वेळा म्हणू शकते, मी ऐकले आहे.

तुम्ही लिहिलेत, समजूत घालायला येऊ नकोस. मी समजूत घालणार नाही. मला ती घालता येत नाही, लहानपणी भांडीही नीट घासता येत नव्हती तशी. मी डबी घेऊन तिच्यात नवीन प्रोग्राम भरणार, परत तुमच्या गळ्यात घालणार, आणि मग अण्णा, वहिनी आणि तुम्ही, तिघांना स्वयंपाकघरात एका वेळी उभे करणार. अण्णा त्या दिवशी घरी राहायला कबूल झाला आहे. काय बोलायचे ते तो कागदावर लिहून ठेवणार आहे म्हणे. मी म्हटले, कागद नको, नाहीतर तोही उलटा धरशील. तो हसला नाही.

तुम्ही देवघरातून उठून या. दारात डबी थरथरली तर थरथरू दे. त्या दोघांना जे बोलायचे आहे ते पूर्ण होईपर्यंत पाणी घेऊ नका. त्यानंतर राहायचे की नदीकाठी जायचे, ते तुम्ही ठरवा. जायचे ठरले तर सव्वीसच्या सोमवारी गाडीपर्यंत मी पोचवीन. पण ऐकून ठरवा.

रविवारी ऑफिस आहे, म्हणून आदल्या दिवशीची रजा मागितली आणि मिळाली. सकाळी लवकर निघते, म्हणजे जेवायच्या वेळेपर्यंत पोचेन. नुसती आमटी चालेल.

शनिवारी येते, १७ जानेवारीला.

संहिता